वावटळीशी फुगडी

एका राज्यात एक वावटळ होती, आणि ती राजकन्या होती. घूर्णक नावाच्या जादूगाराने धाकट्या चारुमतीला मागणी घातली, तेव्हा ती थोरल्या बहिणीशी, हेमावतीशी, फुगडी खेळत होती. खेळ न थांबवताच ती नाही म्हणाली. "फिरायची एवढी हौस, तर फिरतच राहा," असे म्हणून त्याने मूठभर धूळ फुंकली. हेमावतीच्या हातात नुसती हवा राहिली.

पुढे घूर्णक मेला, शाप काही मेला नाही. हेमावती राणी झाली, तिचे केस पिकले. दर उन्हाळ्यात वावटळ येई, खळ्यांवरचे धान्य उधळी, छपरे नेई. लोक शिव्या घालीत, आणि राणी गच्चीवर उभी राहून तिचीच वाट पाही. बहिणीवाचून तिला राजवाडा खायला उठे.

शेवटी प्रजा टेकीला आली. मांत्रिकांनी लोखंडी मेख मंतरली. वावटळीच्या पोटात ती ठोकली की वावटळ संपणार होती, आणि चारुमतीही. राणीने थोडी मुदत मागून घेतली व तळ्यावरच्या जाणत्या टिटवीला उपाय विचारला.

टिटवी म्हणाली, "तीन फेरे सोस. नदीच्या भोवऱ्याचा, राक्षसिणीच्या जात्याचा आणि तुझ्या बहिणीचा. भोवळ आली तर गेलीस."

"भोवळ येऊ नये म्हणून काय करू?"

"फुगडी खेळलेल्या बाईने हे पाखराला विचारावे? जगाकडे पाहू नये, जोडीदाराच्या तोंडाकडे पाहावे."

राणी भोवऱ्यात उतरली. टिटवी तिच्यासमोर घिरट्या घालीत राहिली, राणी टिटवीकडे पाहत राहिली. नदीने हार मानून तिला हलके पाय दिले. जात्यावरही तसेच झाले. राक्षसिणीने न सुटणारी पकड दिली.

वावटळीत मात्र टिटवीचे पंख टिकेनात. राणी एकटीच आत शिरली आणि तिने फुगडीला करतात तशी हातांची अढी पुढे केली. धुळीचे दोन हात त्यात आले. राणी चेहरा शोधू लागली: सोळा वर्षांचा, गालावर खळी असलेला. तो कुठेच नव्हता. शेते, झाडे, राजवाडा गरगरू लागले.

तेव्हा तिला धुळीत एक म्हातारी दिसली. विरळ केस, बसलेले गाल. तीही राणीच्या तोंडावर कुणाला तरी शोधत होती.

"चारू, म्हातारी झालीस गं."

"तू पण, अक्का."

मग दोघींनी पाय जुळवले, अंगे मागे टाकली आणि एकमेकींकडे पाहत फेर धरला. दमल्या तशी गती मंदावली, धूळ खाली बसली, आणि मोडलेल्या शापाच्या जागी दोन बायका धापा टाकीत उभ्या राहिल्या.

त्या साली धान्य खळ्यावरच राहिले. मेखेला कुणीतरी वासरू बांधले. उन्हाळा आला की हेमावती सवयीने गच्चीवर जाऊन माळाकडे डोळे लावून बसे. मग चारुमती जिना चढून वर येई, तिच्या खांद्यावर हात ठेवी आणि म्हणे, "अक्का, मी इथे आहे. जेवायला चल."