चिऱ्याची आतली बाजू

“नाव कुठं आहे?”

हैबतराव माणगावकरांनी जोडे काढायच्या आधीच, मठाच्या दारातून हा प्रश्न टाकला.

बेटावरचा हा मठ सातशे वर्षांचा. त्याची समुद्राकडची भिंत आपल्या पूर्वजानं उभी केली, हे ते जन्मभर सांगत आले होते. परवा भरल्या पंगतीत एका सोयऱ्यानं विचारलं, “पुरावा काय?” पंगत हसली. तेव्हा पूर्वजाचं नाव बोटभर खोल कोरलेली संगमरवरी शिळा भिंतीवर लावायला होडीत घालूनच ते आले होते. ती उचलायला चार गडी लागले.

मठाचे वृद्ध गुरू निरंजनबुवा त्यांना भिंतीपाशी घेऊन गेले. एका काळ्या चिऱ्यावर त्यांनी हात ठेवला.

“हा तुमच्या पूर्वजांचा.”

“हा तर कोरा आहे.”

“दगड देणाऱ्याचं नाव आतल्या बाजूला. इथला दंडकच तो.”

“मग वाचायचं कुणी?”

बुवांनी चिऱ्यावरचा हात काढून घेतला.

“हा अन्याय आहे, बुवा. देणाऱ्यांची नावं तुम्ही गाडायची, आणि आयत्या पंगतीला बसणाऱ्यांनी आम्हाला हसायचं?”

“खरं आहे.”

बुवा आत गेले, पहार घेऊन आले आणि ती हैबतरावांच्या हाती दिली.

“काढा चिरा. वाचा.”

हैबतरावांनी पहार सांध्यात घालून जोर लावला. वरून चुन्याची भुकटी पगडीवर पडली.

त्यांनी मान वर केली. दोन पुरुष उंचीची भिंत त्या चिऱ्यावर बसली होती. पलीकडून लाट आदळली. चिरा हलला नाही.

पहार हळूच खाली आली.

“आमचाच आहे,” ते म्हणाले. छाती मात्र फुगली होती.

“न वाचताच?”

हैबतरावांनी पगडीवरची भुकटी झटकली.

पुढं चार पावलांवर भिंतीला खिंडार पडलं होतं. हैबतराव त्याच्यापाशी गेले.

“इथं काय बसवणार?”

“मिळेल तो दगड.”

हैबतरावांनी गड्यांना हाक मारली. शिळा होडीतून वर आली, खिंडाराशी टेकली.

“सरकार, अक्षरं आत घ्यायची का बाहेर?” एका गड्यानं विचारलं.

हैबतरावांनी बुवांकडे पाहिलं.

बुवा चढत्या भरतीकडे बघत होते.

“कशीही बसवा, पण लवकर. समुद्राला वाचता येत नाही.”