वैद्याची जीभ

घाटाखालच्या एका गावात रायाजी नावाचा वैद्य राहत होता. अफूच्या बोंडांचा काढा करावा तर त्यानेच, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती. हाड मोडलेला माणूस तो काढा प्यायला की कण्हणं विसरून झोपी जाई.

पण हा काढा मोठा लबाड. बोंडं एकाच शेतातली असली तरी एक खेप सौम्य निघे, तर दुसरी जहाल. रंगावरून काही कळत नसे, वासावरूनही नाही. म्हणून रायाजीच्या घराण्यात एक रीत होती. काढा उतरवला की आधी घरातल्याच कुणीतरी घोटभर घ्यायचा, ओसरीवर बसून राहायचं, आणि अंगात किती भिनतो ते पाहून मगच रोग्याला द्यायचा. शिवाय चाखणारा माणूस दर खेपेला बदलायचा.

रायाजीने रीतीचा पहिला भाग तेवढा उचलला. चाखायला तो दुसऱ्या कुणाला भांड्याजवळ फिरकू देईना. "माझी जीभ म्हणजे सोनाराचा काटा," असं तो मिशीला पीळ देत म्हणे. खरी गोष्ट वेगळीच होती. त्याला तो घोट आवडू लागला होता, आणि हे कबूल करण्याची त्याच्यात धमक नव्हती.

वर्षं गेली. काढा त्याला दिवसेंदिवस पानचट लागू लागला. हल्ली बोंडंच निकस येतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि तो बोंडं वाढवत गेला. रोगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठत नसत. त्याला वाटे, काढ्याचा गुणच तो.

एके दिवशी त्याची थोरली बहीण विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. आई गेल्यावर याच आक्काने रायाजीला लहानाचं मोठं केलं होतं. तिचं विव्हळणं त्याला ऐकवेना. त्याने घाईघाईने काढा केला, घोटभर घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पाणी नुसतं!" म्हणून आणखी बोंडं टाकली.

बायको भागीरथी पुढे आली. "अहो, परवा भांडं विसळताना तळाचं जरासं प्यायले, तर तिथंच कलंडले. या खेपेला मला चाखू द्या."

"तुला सवय नाही, म्हणून चढला," रायाजी खेकसला.

"सवय तर आक्कांनाही नाही," भागीरथी हळूच म्हणाली.

रायाजी थबकला. आपण काय बोलून गेलो ते त्याला पुरतं कळलं होतं. पण आता भांडं बायकोच्या हाती देणं म्हणजे इतक्या वर्षांचं व्यसन चारचौघांत मान्य करणं. त्याने तिला बाजूला सारलं आणि वाटी आक्काच्या ओठांना लावली.

"तू दिलंस ना, मग मला कसली भीती," आक्का म्हणाली आणि सगळा काढा प्यायली.

ती पुन्हा उठली नाही.

तिला पोचवून आल्यावर रायाजी चुलीपाशी बसला. भांड्यात काढा उरला होता. त्याने घोट घेतला. मग दुसरा. ज्याने आक्काचा जीव गेला, तो काढा त्याला अजूनही पानचटच लागला. तेव्हा मात्र तो धाय मोकलून रडला.

तात्पर्य: ज्याची आपल्याला सवय जडली, त्याचं माप आपण घेऊ नये, आणि चूक कळल्यावरही मानासाठी जो गप्प बसतो, त्याच्या चुकीची किंमत त्याच्यावर विश्वास टाकणारा मोजतो.