तुळसाक्काच्या भाताची कणी

येरळेकाठच्या निंबोळे गावी अवधनाथ महाराज मठ करून राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट. तुळसाक्का नावाची एक विधवा मठात सेवेला होती. आपल्या हातचा नैवेद्य महाराजांनी घ्यावा, एवढीच तिची इच्छा. पण महाराज तिला रोज नुसता भातच करायला लावत. ती भीतभीत वाटी पुढे ठेवी. महाराज एक शीत बोटांत चेपून बघत आणि म्हणत, "उद्या पुन्हा कर."

मठाचे आचारी नरसूपंत. हाताला चव होती, पण जिभेला त्याहून धार! "काय आक्का, भात आला का? वरण पुढच्या जन्मी घेऊ हां!" असं चारचौघांत म्हणून ते हसत. बिचारी वाटी उचलून आत जाई. महाराजांनाही आपण निकामीच वाटत असू, ही धास्ती तिला झोपू देत नसे.

उत्सवाच्या दिवशी पंतांनी बासुंदी, घीवर, अनारसे असा मोठा घाट घातला. भाताचा हंडा चढवला आणि "भाताकडे काय बघायचंय?" म्हणून पाठ फिरवली. मंडळी पानांवर बसली, झाकण काढलं, तर काय! खाली करपलेला आणि वर कच्चा!

पंगतीतून कोणी उपाशी उठलं तर महाराज अन्नाला शिवत नसत, आणि त्यांना तर कालपासून उपवास. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. "ह्या आक्काचीच दृष्ट लागली!" असं ओरडत ते गाभाऱ्यात बसलेल्या महाराजांकडे तक्रार घेऊन धावले.

तुळसाक्काने नवे तांदूळ धुवून आधणात वैरले. सरपण पक्वान्नांनीच संपवलेलं, थोड्या गोवऱ्या काय त्या उरलेल्या. तिने जाळ जपून जपून पुरवला. तरी गोवऱ्या संपल्या. तिने शीत चेपून पाहिलं. आत अजून कच्ची कणी होती! बाहेर मंडळी ताटकळलेली, चुलीत नुसती निवत चाललेली राख. तिने गाभाऱ्याच्या दिशेने हात जोडले.

"महाराज, मला येत हुतं तेवढं केलं वो! आता फुडचं तुमीच बघा!"

तिकडे गाभाऱ्याचं बंद दार इतक्या वेळाने उघडलं आणि पंत दारातच थबकले. ऐन थंडीत महाराजांच्या अंगावरून घामाच्या धारा चालल्या होत्या, चेहरा चुलीपुढे बसल्यासारखा लाल झाला होता!

"थांब नरसू," डोळे मिटूनच महाराज म्हणाले, "अजून कणी आहे." आणि जरा वेळाने, "हां. झाला."

पंत धावत परतले. तुळसाक्का झाकण काढत होती. भात कसा मोकळा, मऊ! पंतांनी चुलीतल्या राखेत हात घातला. राख गार होती.

पंगत पोटभर जेवली, महाराजांनीही घास घेतला. तेव्हा पंतांनी त्यांचे पाय धरले. "महाराज, मी हिच्यावर खोटा आळ घेतला. भात तर तुम्हीच शिजवलात!"

"मी शेवटचा जाळ तेवढा घातला," महाराज म्हणाले. "बाकी सगळं तिचं. अरे, तुझ्या करपलेल्या हंड्याला मी जाळ घालून काय झालं असतं?"

 पंत उठले आणि भरल्या पंगतीसमोर त्यांनी तुळसाक्कापुढे डोकं टेकलं.

"आगं बया! पंत, असं करू नगासा!" ती कावरीबावरी होऊन मागे सरली.

"आक्का," पंत मान वर न करताच म्हणाले, "मला भात शिकव."