लाल मण्यांचं न संपणारं तोरण

सोनवडी नावाचं एक नगर होतं. तिथला राजा होता गोंदराज, महाहट्टी. तिथला पटवेकरी होता निंबाजी, मणी ओवून पोट भरणारा. आणि निंबाजीची लेक होती ठकू. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि डोक्याला उसंत नव्हती.

राजाला एकच खोड. 'हे दिसलं की ते करा!' असले हुकूम काढायचे. गेल्या साली म्हणाला, "वाड्यात जिथे मोर दिसेल, तिथे पोपट रंगवा!" रंगारी बिचारे हुकमाचे ताबेदार. त्यांनी सिंहासनावरचा मोरसुद्धा सोडला नाही. वर्ष झालं, राजा पोपटावर बसत होता. पण हुकूम मागे घेईल तर तो गोंदराज कसला!

यंदा निंबाजीने दिवाणखान्याच्या दाराला लाल-पांढऱ्या मण्यांचं तोरण केलं. राजाने नाक मुरडलं.

"हिरवा कुठाय? ऐक! जिथे लाल मणी दिसेल तो काढ, आणि त्या जागी लाल, हिरवा, लाल असे तीन ओव. एकही लाल सोडायचा नाही! काम अर्धं टाकून उठलास तर बिऱ्हाड उचल आणि नगराबाहेर हो!"

निंबाजी बसला ओवायला. मणी राजाच्या कोठारातले, त्यांना तोटा नाही. पण दुपारी बघतो तर काय, लाल मणी सकाळपेक्षा जास्त! म्हातारा रडकुंडीला आला.

"ठके, ह्या वयात कुठे जायचं गं आपण?"

ठकूने तोरण निरखलं आणि फिस्सकन हसली. "आबा, एक लाल काढता अन् दोन घालता! हे काम माझ्या नातवंडांनाही पुरेल. थांबा, मी दरबारात जाऊन आले."

राजासमोर ती हात जोडून उभी राहिली. "महाराज, नव्याने ओवलेला लाल मणीही लालच धरायचा ना?"

"लाल तो लाल! त्यात जुना-नवा काय?"

"आणि राजाचं काम चालू असेल तोवर कारागिराच्या घरी राजाचा शिधा, हा रिवाज आहे ना?"

"शिध्याचं काय घेऊन बसलीस पोरी? काम संपेपर्यंत खा पोटभर!"

"सगळ्यांनी ऐकलं हं!" म्हणत ठकू पळाली.

मग काय! तांदूळ आला, गूळ आला, तुपाचा बुधला आला. बापलेक निवांत ओवू लागली. तोरण दारावरून ओसरीवर गेलं, ओसरीवरून मुदपाकखान्यात. वरणात मणी सापडायला लागले! तिथून ते हत्तीच्या सोंडेला गुंडाळून परत दरबारात आलं. एके दिवशी सिंहासनावरून उतरताना राजाचा पाय त्यात अडकला आणि स्वारी थेट दिवाणजींच्या मांडीवर!

"पोरी, संपव हे!"

"ओवतेय की महाराज. लाल अजून दिसतायत!"

"मग सोड अर्धवट!"

"अर्धवट सोडलं तर नगराबाहेर. हुकूम तुमचाच!"

"मग मी करू तरी काय?"

"उलटा हुकूम द्या. जिथे लाल-हिरवा-लाल दिसेल, तिथे एकच लाल ठेवा. दर खेपेला दोन मणी कमी होणार, म्हणजे कधीतरी संपणारच."

राजाने डोळे वटारले. "हे ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललीस?"

"काम संपलं असतं तर शिधा संपला असता! आबांनी गावजेवणाबाहेर तूप कधी चाखलं नव्हतं, महाराज."

दरबाराला वाटलं, आता पोरीची धडगत नाही! पण राजाच्या मिशा थरथरल्या, आणि तो पोट धरधरून हसला.

"शिधा कायमचा चालू! आणि आजपासून माझा प्रत्येक हुकूम आधी ठकूच्या कानावर घालायचा, मगच बाहेर सोडायचा. घे, हा पहिला! जिथे पोपट दिसेल, तिथे मोर रंगवा!"

"थांबा!" ठकू ओरडली. "राणीसाहेबांच्या पिंजऱ्यात जिवंत पोपट आहे. रंगारी त्याला सोडतील होय? 'भिंतीवरचा आणि सिंहासनावरचा' म्हणा!"

राजा पुन्हा हसत सुटला. राणीसाहेबांनी तर हातातलं कडं काढून ठकूच्या हातात घातलं. राजा एकदाचा मोरावर बसला, आणि निंबाजीच्या घरी गरम भातावर रोज तुपाची धार पडू लागली.