टिपूस काजवा आणि टोपीवाला दिवा

एक होतं परस. परसात केळ. परसात फणस. मधोमध धुणं धुवायचा दगड.

फणसावर राहायचा एक काजवा. एवढुस्सा. त्याचं नाव टिपूस.

संध्याकाळ झाली की टिपूस खेळायला जायचा. दमला की फणसाकडे बघायचा. तिथे आई लुकलुकायची. लुकलुक लुकलुक. म्हणजे काय? म्हणजे, "ये रे, मी इथे आहे." की टिपूस भुर्रकन घरी.

एकदा काय झालं, घरातल्या निमूच्या बाबांना अंधारात ठेच लागली. त्याच त्या दगडाची. कुंदाआत्या म्हणाली, "परसात दिवा हवाच." तिने भला मोठा दिवा आणला. उंच बांबूवर टांगला. बटण दाबलं. खट्.

बाप रे, केवढा उजेड! केळीवर उजेड. फणसावर उजेड. कौलांवर उजेड. दगड दिसला. पण टिपूसची आई दिसेना.

फणस केवढा, आई केवढी. टिपूस घाबरला. घर कुठे ते कळेचना.

टिपूस गेला दिव्याकडे. भुर्र भुर्र.

"दिवेदादा, दिवेदादा, आई मला दिसेना. तू खाली बघशील का?"

दिवा म्हणाला, "मी तर सगळीकडेच बघतो. मला टोपी मिळेल, तर खाली बघेन."

भिंतीपाशी पडली होती करवंटी. खोबरं खाऊन संपलेली. टिपूस गेला तिच्याकडे. भुर्र भुर्र.

"करवंटीताई, करवंटीताई, दिवा खाली बघेना. आई मला दिसेना. तू टोपी होशील का?"

करवंटी म्हणाली, "होईन की. पण मला भोक नाही. वायर जाणार कुठून? कुणी भोक पाडेल, तर टोपी होईन."

टिपूस गेला कुंदाआत्याकडे. भुर्र भुर्र.

"आत्या, आत्या, करवंटी टोपी होईना. दिवा खाली बघेना. आई मला दिसेना. तू भोक पाडशील का?"

आत्या म्हणाली, "पाडते की रे. पण हातोडी आहे टोपलीत. टोपलीत बसलीय कोंबडी. हात घातला की टोचते मेली. ती उठेल, तर भोक पाडेन."

टिपूस गेला कोंबडीकडे. भुर्र भुर्र.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, आत्या भोक पाडेना. करवंटी टोपी होईना. दिवा खाली बघेना. आई मला दिसेना. तू उठशील का?"

कोंबडी म्हणाली, "एवढा उजेड पडलाय, म्हणजे सकाळ झाली. मग माझे दाणे कुठे आहेत? निमू दाणे देईल, तर उठेन."

निमू म्हणजे आत्याची भाची. तुमच्याएवढीच. पायरीवर बसली होती. टिपूस गेला तिच्याकडे. भुर्र भुर्र.

"निमूताई, निमूताई, कोंबडी काही उठेना. आत्या भोक पाडेना. करवंटी टोपी होईना. दिवा खाली बघेना. आई मला दिसेना. तू दाणे देशील का?"

"तू कोण?" निमू म्हणाली.

"मी काजवा."

"खोटं. काजवा लुकलुकतो. तू लुकलुकशील, तर दाणे देईन."

टिपूस लुकलुकला. दिसलंच नाही. जोर लावून लुकलुकला. छे! टिपूसला रडूच आलं.

"मी लुकलुकतोय गं. उजेडात दिसत नाही."

निमूने ओंजळ पुढे केली. "ये आत."

टिपूस आत बसला. निमूने ओंजळ मिटली. ओंजळीत झाला एवढुस्सा अंधार. निमूने फटीला डोळा लावला.

लुकलुक लुकलुक.

"आत्या, हा खरंच काजवा आहे!"

मग काय विचारता! टिपूसला केसांत बसवून निमू धावली. दुडुदुडु दुडुदुडु. दाणे टाकले. टपटप टपटप. कोंबडी उठली. फडफड फडफड. आत्याने हातोडी घेतली. ठकठक ठकठक. करवंटीला भोक पडलं. आत्याने बटण बंद केलं. खट्. भोकातून वायर ओवली. करवंटी झाली टोपी. पुन्हा बटण दाबलं. खट्.

दिव्याने खाली बघितलं.

दगडावर उजेड. पायवाटेवर उजेड. बाबा आले, बाबा गेले. ठेच नाही लागली. आणि फणसावर? फणसावर छान गार अंधार.

आत्या म्हणाली, "हे मला आधीच सुचायला हवं होतं."

टिपूसने वर बघितलं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आणि तिथे, पानाआड...

लुकलुक लुकलुक. "ये रे, मी इथे आहे."

टिपूस निघाला. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. थेट आईच्या कुशीत.

कोंबडी परत टोपलीत झोपली. तुम्हीही शिरा बरं कुशीत. आणि आपला दिवा कोण मालवणार?

खट्.