सुरात निघालेला तंबोरा

एकदा एका वृद्ध कारागिराला त्याच्या शिष्येने एक व्यवहाराचा प्रश्न विचारला. कारागीर तंबोरे घडवणारे होते. सारी पेठ त्यांना उस्ताद म्हणे, म्हणून आपणही तसेच म्हणू. शिष्येचे नाव जुलेखा. बारा वर्षे त्यांच्या हाताखाली काढून ती भोपळा पारखण्यापासून तारा सुरात मिळवण्यापर्यंत सगळे शिकली होती. उस्तादांना न येणारी एक विद्याही तिला येत होती, ती म्हणजे फोनवरच्या बाजारात दुकान मांडण्याची. हल्ली गाणारे लोक खिशात मावणारे यंत्र लावून बसतात, त्यामुळे गावातले गिऱ्हाईक आटले होते. कारखाना आता या दुकानाच्या आधारावरच चालला होता.

दुकानातून परदेशी जाणारा पहिला तंबोरा फिनलंडमधल्या एका बाईंनी मागवला. जुलेखाने सगळ्यांत वेगवान विमानाचे कुरिअर निवडले. तंबोरा पाचव्या दिवशी पोचला खरा, पण भोपळा आणि दांडी जुळतात त्या गळ्याशी तडकलेला. बाई सज्जन होत्या, दुसरा पाठवा एवढेच म्हणाल्या. बाजार चालवणारे मात्र तितके सज्जन नव्हते. आणखी एक नग मोडका पोचला तर तुमचे दुकान बंद करू, असे त्यांनी स्वच्छ कळवले.

मग जुलेखाची झोपच उडाली. पुन्हा विमानाचे कुरिअर धरावे, की टपाल खात्याचे परदेशी पार्सल करावे, की बाजारवाल्यांच्या गोदामात खोके पोचवून पुढचे त्यांच्या गळ्यात घालावे? आठवडाभर ती लोकांना विचारत राहिली. कोणी म्हणे टपाल सावकाश जाते पण जपून नेतात, कोणी म्हणे गोदामात खोक्यांवर खोकी रचतात. ज्याचा निर्णय होत नाही त्याला माहितीची भूक फार लागते. शेवटी तिने कागदावर तीन रकाने आखले आणि तो कागद उस्तादांपुढे धरला.

उस्तादांनी कागदाकडे पाहिलेही नाही. मोडक्या तंबोऱ्याचा फोटो दाखव, म्हणाले. तो बराच वेळ न्याहाळल्यावर त्यांनी तो ज्या खोक्यातून गेला त्या खोक्याचा फोटो मागितला. बाईंनी निरोपासोबत तोही पाठवला होता. खोके चांगले धडधाकट होते, एक कोपरासुद्धा चेपलेला नव्हता. उस्तादांनी नुसते ‘हं’ केले आणि ते आपल्या कामाला लागले. खोक्यात बघण्यासारखे काय होते, हे जुलेखाला काही केल्या उमगेना.

त्या पेठेत एक रिवाज होता. वाद्य कारखान्याचा उंबरा ओलांडताना पूर्ण सुरात असले पाहिजे. बेसूर वाद्य गिऱ्हाइकाच्या हाती देणे म्हणजे पाहुण्याला अळणी जेवण वाढणे. एकदा एक तार किंचित उतरलेली असताना जुलेखाने तंबोरा गिऱ्हाइकाला देऊन टाकला होता, तेव्हा उस्तादांनी तिला सायकलवर पिटाळून तो परत आणायला लावला होता.

दुसरा तंबोरा तयार झाला तेव्हा ती दुपारभर तो मिळवत बसली. चारही तारा अशा बोलू लागल्या की शेजारच्या कारखान्यातले रंधे थांबले. ती तंबोरा खोक्यात ठेवणार इतक्यात उस्ताद आले. त्यांनी एकदा तारा छेडल्या, समाधानाने मान हलवली, आणि एकेक खुंटी उलटी पिळत चारही तारा सैल करून टाकल्या. सुतळीसारख्या लोंबल्या त्या.

जुलेखाला रडूच यायचे बाकी राहिले. “उस्ताद, हे काय केलंत? बेसूर वाद्य दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“शिकवलं,” उस्ताद म्हणाले. “तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं असायचं. इथून निघालं की संध्याकाळी घरी गायला बसायचं. ही बाई कुठं आहे? पोरी, खोकं साबूत आणि आतला गळा तडकलेला. मग तो मोडला कुणी? तू आठवडाभर वाटांच्या चौकशा केल्यास, कारण वाटेला बोल लावणं सोपं असतं. विमानाच्या पोटात गारठा, मग कुठल्या तरी गोदामात ऊब. लाकूड बिचारं आकसतंय, फुगतंय, आणि चार तारा त्याला सारख्या ओढतायत. ऐकणारं जिथं कुणी नाही, तिथं सूर म्हणजे नुसता ताण.”

जुलेखाने तीन रकान्यांचा कागद पुन्हा काढला. तिने विचारले, “मग कुठल्या वाटेनं पाठवू?”

“मागच्या वेळी घाई कुणाला होती? त्या बाईला की तुला?”

घाई तिलाच होती. आपण लावलेला सूर उतरायच्या आत वाद्य पोचावे, म्हणून तिने ते कुरिअर धरले होते. बाईंनी दिवसांबद्दल अक्षरही काढले नव्हते. आता राखायला सूरच नव्हता, तेव्हा वेगाचेही काही काम उरले नाही. सर्वांत कमी वेळा गाडी बदलणारी वाट तिने निवडली. ती टपालाची होती, तीन आठवड्यांची. भोपळ्याभोवती तिने गादीचा जुना कापूस भरला. सगळ्यांत अवघड होते ते बाईंना लिहिणे. वाद्य उशिरा येईल, बेसूर येईल, ते तुम्हालाच सुरात मिळवावे लागेल. बारा वर्षे सुराची लाज राखलेल्या हाताने हे लिहायचे! आता बाई नको म्हणणार आणि दुकान जाणार, अशी तिची खात्रीच झाली.

दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी आले. चालेल, बाईंनी लिहिले होते, पण मी कधी तार मिळवलेली नाही. फोनवर शिकवाल का? मग तंबोरा समुद्रापार प्रवास करत होता तेव्हा जुलेखा रोज अर्धा तास एका परक्या बाईला खुंटी कशी पिळायची आणि कान कुठे लावायचा ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगत होती.

चोविसाव्या दिवशी बाईंनी आवाज टिपून पाठवला. तंबोरा धड पोचला होता. तार चढली, जास्त चढली, उतरली, पुन्हा चढली, आणि मग चारही तारा सावकाश वाजत राहिल्या. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते.

“खर्ज जरा उतरलाय,” जुलेखा हळूच म्हणाली. “सांगू त्यांना?”

“उद्या त्यांनाच ऐकू येईल,” उस्ताद म्हणाले.

जुलेखाने बाईंना कळवले की तंबोरा छान लागला आहे. हे लिहिताना आपण खोटे बोलतो आहोत, असे तिला मुळीच वाटले नाही.