चांदण्यात न दिसलेले घर

वेत्रवती नगरीवर सुषेण राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. तो पुष्कळ शिकलेला होता, आणि बहुधा त्यामुळेच कोणतीही गोष्ट ठामपणे सांगताना अडखळत असे.

त्या नगरीत दीपोत्सव आश्विनातल्या अमावास्येला होई. शरदात रात्री लांबू लागतात, पौर्णिमेनंतर चंद्र रोज झिजत जातो, आणि नेमक्या सर्वांत काळ्या रात्री लोक दिवे लावीत. रीत अशी होती की आपल्या दारचा दिवा शेजारच्या ज्योतीवर लावायचा, आणि शेजारचे घर बंद असेल तर त्याच्या उंबऱ्यावर आपण दिवा ठेवायचा. एकही दार काळोखात राहू द्यायचे नाही.

राजा तरुण आणि हौशी होता. एकदा तो म्हणाला, "अमात्य, काळोखात मिरवणूक काढायची ही कुणाची अक्कल? हत्तीची झूलसुद्धा दिसत नाही. उत्सव पौर्णिमेला आणा. शास्त्राधार तुम्ही शोधा. महामात्याचे आसन रिकामे आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच."

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, शोधला तर आधार कशालाही सापडतो. मला त्याचेच भय वाटते. पूर्वजांनी अमावास्या का धरली, हे मला नीटसे कळलेले नाही. जे कळले नाही ते हलवायला हात धजत नाही."

"कळत नाही म्हणता, आणि वर नाहीही म्हणता," राजा हसला. "बरे. आसनावर दुसरा कोणी बसेल."

दुसऱ्याने आधार शोधून दिला आणि तो आसनावर बसला.

नदीकाठच्या बुरूडआळीत चांपा नावाची बाई राहत होती. भाद्रपदातल्या पुरात तिचा नवरा वाहून गेला होता. आळीतल्या बायकांची कीव तिला सोसेना. शेजारच्या भद्रेशी तिचे कडाक्याचे भांडण झाले आणि "मी माहेरी जाते" असे सांगून ती निघाली. पण वाटेतच तिला हीव भरले. अंधार पडल्यावर ती कुणाला न कळवता परतली आणि आतून कडी लावून पडून राहिली. जवळ माठभर पाणी होते आणि थोड्या लाह्या.

पौर्णिमेला मिरवणूक बुरूडआळीतून गेली; चांदणे होते म्हणून दारोदारी दिवे कुणी लावले नव्हते. चांपेला उठवत नव्हते; तिने आतून हाका मारल्या, पण ढोलांपुढे त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. पाऊस सरल्यावर तिच्या भिंतीला चुना दिलेला होता. चांदण्यात ती भिंत लखलखत होती. राजा हत्तीवरून म्हणाला, "हे घर पाहा, कसे उजळले आहे!" मागून चालणाऱ्या बोधिसत्त्वानेही मान डोलावली. मग चंद्र झिजत गेला, माठातले पाणी आटत गेले, आणि चांपेचा आवाजही बसला.

अमावास्येला उत्सव नव्हता. दुसरा उत्सव करू नये अशी राजाज्ञाच होती. तरी संध्याकाळी बोधिसत्त्वाला घरात बसवेना. आपण हट्टाने वागतो आहोत की काय, अशी शंका घेतच तो घाटावर गेला आणि दिवा पेटवून बुरूडआळीत शिरला.

भद्रा दारात बांबूच्या कांब्या सोलत बसली होती. ती म्हणाली, "अमात्यबाबा, महाराजांनी अख्खा चंद्र आणून दाखवला, आणि तुम्ही आता वात घेऊन हिंडताय होय?"

"वात मोठी करायला तुझ्याकडे तेल आहे का, बाई?"

"तेल आहे. राजाचा शिपाई आला तर तुमचं नाव सांगेन."

"सांग. नाहीतरी माझ्याजवळ गमवायला आसन नाही."

ती हसली आणि तिने दिवा लावून घेतला. तिच्याकडून पुढच्या घराने, त्याच्याकडून त्यापुढच्याने. वार्ता राजाकडे गेली आणि राजा रागावून स्वतः आला. आळीच्या तोंडाशी तो थांबला. दातांच्या ओळीत एका दाताची जागा रिकामी असावी, तसे दिव्यांच्या ओळीत एक घर काळे दिसत होते.

"ते कुणाचे?" त्याने विचारले.

"चांपेचं," भद्रा म्हणाली. "ती माहेरी गेली. जाताना मला नाही नाही ते बोलून गेली."

बोधिसत्त्व म्हणाला, "मग तिच्या उंबऱ्यावर दिवा ठेवणे तुझ्याकडेच आले."

"आलं खरं. रीत मोडायला मी काही राजा नाही," असे पुटपुटत ती गेली. दिवा ठेवायला वाकली आणि तशीच राहिली. आत कुणीतरी कण्हत होते.

दार तोडले. भद्रेने चांपेचे डोके मांडीवर घेऊन थेंब थेंब पाणी पाजले. बऱ्याच वेळाने चांपा म्हणाली, "त्या दिवशी किती हाका मारल्या गं. ढोल फार वाजत होते."

राजाने ती पांढरी भिंत ओळखली. तो म्हणाला, "अमात्य, पूर्वजांच्या मनात हेच होते का?"

"ठाऊक नाही, महाराज. एवढे दिसले की चांदण्यात सगळी घरे सारखीच उजळतात. ज्या घरी दिवा नाही ते घर काळोखातच दिसते."

दुसऱ्या वर्षापासून उत्सव अमावास्येला परत आला. राजाने देऊ केलेले आसन बोधिसत्त्वाने घेतले नाही.

वर्षावास संपल्यावर सुदंत नावाच्या भिक्षूने शास्त्यांना, म्हणजे भगवान बुद्धांना, विचारले होते, "रात्री काळ्या होत जातात तसे लोक उत्सव का मांडतात?" त्याला ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "सुदंता, तो राजा तू होतास. भद्रा म्हणजे विहाराच्या पायरीवर रोज सांजवात ठेवणारी उपासिका. चांपा म्हणजे आजारी भिक्षुणींपाशी रात्र जागवणारी थेरी. आणि तो अडखळणारा अमात्य मीच होतो. समोरच्याचे दुःख पाहून कळवळणे सोपे असते. जे दिसत नाही त्याच्या दारापर्यंत चालत जाणे, याला करुणा म्हणतात."